जर्मनची खिडकी

आमच्या आजोळी ॲल्युमिनियमला कोणी ॲल्युमिनियम म्हणत नसे. ते 'जर्मन'. चहाचे पातेले जर्मनचे, भाताचा टोप जर्मनचा, परसातल्या न्हाणीतला तपेल्याचा जोडही जर्मनचाच. काही गावांत त्याचे 'जर्मल' होई, पण धातू तोच. आजीचे या भांड्यांविषयी मत फारसे चांगले नव्हते. "जर्मन तापतं लवकर आणि निवतंही लवकर," असे ती म्हणे, आणि पातेले चुलीवरून उतरवताना सांडशी हाताशी नसेल तर सगळ्या घराला हाका मारी. पितळेच्या पातेल्याला ती पदराने धरी. जर्मनला मात्र कधीच नाही. पुढे भौतिकशास्त्राच्या वर्गात उष्णतावहनाचा धडा आला तेव्हा तो मला नवा वाटला नाही.

हे सारे मला आठवले ते प्रत्यक्ष जर्मनीत, २००९ च्या जानेवारीत. माझी भाची आणि तिचा नवरा तेव्हा कासेल या शहरात राहत होते. इमारत साठीच्या दशकातली. मुळात ती कचेरीसाठी बांधलेली, मागाहून तिच्यात बिऱ्हाडे केलेली. खिडक्या रुंद, आडव्या, ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या, दिसायला मोठ्या रुबाबदार. त्या वर्षी थंडी कडक होती. पहिल्याच सकाळी मी उठलो तो भाची खिडकीशी ओणवी होऊन फडक्याने चौकट पुसत होती आणि फडके बादलीत पिळत होती. मी मदतीला म्हणून हात पुढे केला.

"मामा, हात नका लावू. चटका बसेल."

बसलाच. थंडीचा चटका. चौकटीच्या आतल्या अंगाला, म्हणजे वीस अंश उबेच्या खोलीत, बर्फाची पातळ साय धरली होती. खालच्या कोपऱ्यात भिंतीला काळी बुरशी आली होती आणि त्या भिंतीशीच धाकट्या नातीचा पाळणा होता. पोर दोन महिने खोकत होती.

यात एक वाद होता, आणि तो मला जेवताना सांगण्यात आला. घरमालकाने पाठवलेला माणूस येऊन पाहून गेला होता. त्याचे म्हणणे असे, की बुरशीचा दोष खिडकीचा नाही, राहणाऱ्यांचा आहे. तुम्ही लोक रोज डाळ शिजवता, भात शिजवता, घरात वाफ कोंडते, खिडक्या उघडत नाही; तेव्हा भिंत साफ करून रंगवून देण्याचा खर्च तुमचा. जावईबापू स्वभावाने गरीब. ते म्हणाले, देऊन टाकू. भाचीला मात्र ते लागले होते. खर्चापेक्षा डाळीचा उल्लेख तिला अधिक लागला असावा. मी काही या विषयातला पंडित नव्हे, पण उभा जन्म कारखान्यात धातूंच्या संगतीत काढलेला. दोष डाळीचा की चौकटीचा, हे पाहावे असे मनात आले. त्यातून जे वाचन झाले, ज्या हकीकती हाती लागल्या, त्या येथे सांगतो.

ॲल्युमिनियम हा धातू वयाने फार लहान. १८२५ साली डेन्मार्कच्या अर्स्टेडने त्याचा एक अशुद्ध गोळा मिळवला. १८२७ मध्ये बर्लिनला फ्रीड्रिख व्होलरने त्याची भुकटी काढली. हाच व्होलर १८३१ पासून काही वर्षे कासेलच्या तंत्रशाळेत शिकवीत होता, हे मला तेथे असताना समजले आणि उगाच बरे वाटले. १८५४ साली फ्रान्समध्ये देव्हिल याने तो जरा मोठ्या प्रमाणात काढण्याची रीत बसवली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या कांड्या मांडल्या. चिकणमातीतून चांदी निघाली, असा तेव्हा गवगवा झाला. किंमतही चांदीच्या तोडीची. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या अगदी टोकावर बसवला तो ॲल्युमिनियमचा कळस, वजन जेमतेम पावणेतीन किलो. आणि तो वर चढवण्यापूर्वी न्यूयॉर्कला जवाहिऱ्याच्या दुकानात लोकांना पाहायला ठेवला होता.

दोनच वर्षांनी ही सारी मिजास उतरली. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, विजेच्या प्रवाहाने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची एकच रीत शोधली. दोघेही १८६३ साली जन्मलेले आणि दोघेही १९१४ साली वारले. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आपण नाक मुरडले असते. धातू स्वस्त झाला तो असा. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टनने ॲल्युमिनियमची भांडी करायला घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. म्हणजे हॉल-एरूच्या शोधानंतर अवघ्या बारा-तेरा वर्षांत हा धातू आपल्या चुलीपर्यंत येऊन पोचला. खिडकीपर्यंत पोचायला त्याला बराच अधिक वेळ लागला.

खिडकीसाठी धातू नुसता स्वस्त असून भागत नाही. तिला लांबलचक, खाचाखोचांची, सगळीकडे सारखी पट्टी लागते. ती कशी निघते हे सांगायला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. सोऱ्यात पीठ भरायचे, खाली चकलीची ताटली लावायची आणि वरून दाबायचे. ताटलीला जो आकार, तोच आकार चकलीला. १७९७ साली इंग्लंडात जोसेफ ब्रामाने शिशाच्या नळ्या याच युक्तीने काढायची कल्पना मांडली. १८९४ मध्ये अलेक्झांडर डिक याने पितळेसारखे कठीण धातू तापवून सोऱ्यातून काढून दाखवले. ॲल्युमिनियम, त्यात जरासे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घातले, की साडेचारशे-पाचशे अंशांना लोण्यासारखा मऊ होतो आणि वाटेल त्या नक्षीच्या ताटलीतून निमूटपणे बाहेर येतो. पोलादाला हे जमत नाही. पोलादी खिडकीच्या पट्ट्या लाटून कराव्या लागतात. इंग्लंडातल्या क्रिटॉल घराण्याने तो धंदा १८८४ पासून केला, आणि आपल्या मुंबईत मरीन ड्राइव्हच्या बाजूला १९३० नंतर ज्या गोलाईच्या इमारती उठल्या त्यांना पोलादी खिडक्याच आहेत. त्या गंजतात, दर दोन-तीन वर्षांनी रंग मागतात. ॲल्युमिनियम रंग मागत नाही.

मग दुसरे महायुद्ध आले. विमानांसाठी ॲल्युमिनियमचे प्रचंड कारखाने उभे राहिले आणि १९४५ साली विमानांची गरज एकदम संपली. आता या धातूचे करायचे काय? इंग्लंडने विमानांच्या कारखान्यांतच ॲल्युमिनियमची तयार घरे बनवली. अशी चोपन्न हजारांवर घरे तेथे उठली. अमेरिकेत पिएत्रो बेलुस्की या शिल्पज्ञाने १९४८ मध्ये पोर्टलंड शहरात ॲल्युमिनियम आणि काच यांचा अंगरखा घातलेली इमारत उभी केली. १९५३ मध्ये पिट्सबर्गला एका ॲल्युमिनियम कंपनीने आपली स्वतःची तीस मजली कचेरी नखशिखान्त ॲल्युमिनियमने मढवली. ती नुसती इमारत नव्हे, जाहिरातच होती. पुढली वीस वर्षे सगळे जग त्या जाहिरातीला भुलले. कासेल हे शहर युद्धात बाँबहल्ल्यांनी जवळजवळ भुईसपाट झाले होते; नव्याने बांधताना त्याला नवे दिसायचे होते, आणि नवे म्हणजे काच व धातू.

आता गणिताकडे वळू. कंटाळा येणाऱ्याने हा मजकूर ओलांडून पुढे जावे, पण माझ्या भाचीचा न्याय याच्यातच आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस यान इंगेनहाउझ या डच वैद्याने निरनिराळ्या धातूंच्या तारांवर मेण चढवून त्यांची टोके उष्ण ठेवली आणि कोणत्या तारेवरचे मेण किती दूरवर वितळते ते पाहिले. किती साधा प्रयोग! १८२२ मध्ये फूरिएने या वहनाला गणिताचे रूप दिले. आज आपण त्या हिशेबाने प्रत्येक पदार्थाला एक आकडा देतो. लाकडाचा आकडा ०.१३ च्या आसपास, काचेचा १, पोलादाचा ५०, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दोनशेच्या घरात. म्हणजे देवदाराच्या चौकटीतून जितकी उष्णता झिरपते, तिच्या दीड हजार पट सहजतेने ती ॲल्युमिनियममधून धावते. आणि धातूची जाडी वाढवून काही उपयोग होत नाही. हमरस्ता आणखी चार हात लांबवल्याने गाड्या थांबत नाहीत.

परिणाम असा, की आतून बाहेरपर्यंत अखंड धातू असलेल्या चौकटीचे तापमान आत एक आणि बाहेर दुसरे असे राहतच नाही. बाहेर उणे दहा आणि आत अधिक वीस असेल तर चौकटीचा आतला पृष्ठभाग शून्यावर, किंवा त्याहूनही खाली, येऊन बसतो. वीस अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्के असली तर नऊ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरू लागते. शून्य अंशांच्या पृष्ठभागावर दव धरू नये असे वाटत असेल तर खोलीतली आर्द्रता पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली आणावी लागेल. पंचवीस टक्के म्हणजे वाळवंट. माणूस त्यात राहू लागला तर त्याचे ओठ फुटतील. डाळ सोडाच, नुसता श्वास घेतला तरी आर्द्रता त्याच्या वर जाते.

घरमालकाच्या माणसाचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. डाळीची वाफ आर्द्रता वाढवते, आणि जर्मन लोक हिवाळ्यातही रोज दोनतीनदा खिडक्या सताड उघडून पाच मिनिटे हवा खेळवतात, ही सवय आमच्या मंडळींना नव्हती. भिंतीवरच्या बुरशीत तिचा वाटा असणार. पण चौकटीवर बर्फ जमला तो डाळीने नव्हे. त्या चौकटीवर तो एखाद्या संन्याशाच्या मठीतही जमला असता.

मग वीस वर्षे हे कोणाच्या ध्यानात आले नाही काय? आले होते. पण तेल स्वस्त होते. प्रत्येक खिडकीखाली एक तापलेला लोखंडी रेडिएटर असे. त्याच्यावरून गरम हवेचा पडदा काचेवर चढे आणि चौकटीवरचे पाणी वाळवून टाके. दोष झाकायला इंधन जाळायचे, असा तो सरळ व्यवहार. जुन्या जर्मन घरांत लाकडाच्या दुहेरी खिडक्या असत. एकीच्या मागे वीतभर अंतरावर दुसरी, मधे कोंडलेली हवा, आणि थंडीत त्या फटीत तळाशी लांबोडकी उशी. पणज्यांना जे कळत होते ते नातवांनी सोडून दिले. वाल्टर ग्रोपियसने १९२६ मध्ये देसाउला बाउहाउसची जी सुप्रसिद्ध काचेची भिंत उभारली, तीही एकेरी काच आणि पोलादी चौकटी. हिवाळ्यात गारठा, उन्हाळ्यात भट्टी. १९४५ मध्ये ती बाँबने फुटली, आणि १९७६ साली पूर्व जर्मनीच्या सरकारने ती पुन्हा उभी केली ती ॲल्युमिनियमच्या चौकटींत. सुंदर वस्तूंना लोक पुष्कळ माफ करतात.

माफी संपली १९७३ च्या ऑक्टोबरात. अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि तीन डॉलरांच्या आसपास मिळणारे तेलाचे पिंप १९७४ च्या आरंभी बाराच्या आसपास गेले. पश्चिम जर्मनीत त्या नोव्हेंबर-डिसेंबरात चार रविवार मोटारी चालवायला बंदी होती. रुंद हमरस्त्यांवर माणसे चालताना, पोरे चाकांच्या बुटांवर घसरताना दिसतात अशी त्या दिवसांची छायाचित्रे आहेत. चित्रात सगळे हसताहेत; पण सरकार हसत नव्हते. घरे तापवण्यात किती तेल जळते याचा हिशेब पहिल्यांदा गंभीरपणे मांडला गेला. १९७६ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदा आला आणि त्याच्या आधाराने १९७७ च्या ऑगस्टात इमारतींच्या उष्णतारक्षणाचा नियम निघाला. तो त्या १ नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यात खिडकीसाठी एक मर्यादा होती. एका चौरस मीटरमधून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, साडेतीन वॅटहून अधिक उष्णता निसटता कामा नये.

हा आकडा ॲल्युमिनियमवाल्यांच्या मुळावर आला. ढोबळ हिशेब करून पाहा. दुहेरी काच घातली तर काचेतून तीन वॅट. चौकट खिडकीच्या चौथ्या हिश्श्याइतकी, आणि अखंड धातूच्या चौकटीतून साडेसहा वॅट. दोन्ही मिळून सरासरी जवळजवळ चार. नापास! लाकूड पास, नवे आलेले प्लास्टिकच्या पोकळ पट्ट्यांचे प्रकारही पास. १९८१ साली जर्मन प्रमाणसंस्थेने चौकटींची जी प्रतवारी केली तिच्यात पहिल्या वर्गात लाकूड आणि प्लास्टिक, आणि अगदी शेवटच्या वर्गात अखंड ॲल्युमिनियम, पोलाद आणि काँक्रीट असे एका बाकावर बसवलेले आहेत. वीस वर्षे नवेपणाचा तोरा मिरवलेल्या धातूला काँक्रीटच्या शेजारी बसावे लागले.

उपाय एका वाक्यात सांगता येतो. चौकट उभी चिरायची, एक अर्धी बाहेर, एक अर्धी आत, आणि दोहोंच्या मधे उष्णता न वाहणारे काहीतरी घालून ती पुन्हा एक करायची. पातेल्याच्या कानाला लाकडी मूठ बसवतात, कुकरला काळी बेकेलाइटची मूठ असते, तेच हे. तेलसंकटाच्या आधीपासून ही कल्पना लोकांना सुचलेली होती. पण मुठीवर कुकरपुरता भार असतो. येथे त्या 'काहीतरी'ने काचेचे ओझे पेलायचे, वाऱ्याचा दाब पेलायचा, उन्हापावसात तीसचाळीस वर्षे टिकायचे. अवघड काम ते होते.

अमेरिकेने एक वाट धरली. चौकटीच्या पट्टीत मधोमध एक पन्हळ ठेवायची, तिच्यात पातळ पॉलियुरेथेन ओतायचे, ते घट्ट झाले की पन्हळीचा धातूचा तळ करवतीने कापून टाकायचा. आधी पूल बांधायचा आणि मग त्याच्या खालची जमीन काढून घ्यायची. फार हुशार रीत आहे, आणि स्वस्त. पण उन्हाळ्या-हिवाळ्याच्या फेऱ्यांत काही चौकटींतले हे पॉलियुरेथेन टोकांशी आखडू लागले, धातूवरची त्याची पकड सुटू लागली. मग ओतण्यापूर्वी पन्हळीच्या कडांना दाते पाडून त्याला अडकवून ठेवण्याची युक्ती काढावी लागली.

जर्मनांनी ओतण्याऐवजी पट्ट्या बसवल्या. दोन अर्ध्या चौकटींना समोरासमोर खाचा. खाचांच्या आत दातेरी चाकाने खरबरीत रेघोट्या काढायच्या. त्यांत प्लास्टिकच्या दोन पट्ट्या सरकवायच्या. आणि मग खाचेचे ओठ रुळांखाली दाबून पट्टीला चावायला लावायचे. प्रश्न पट्टी कशाची, हा होता. साध्या प्लास्टिकच्या पट्ट्या भट्टीत रंग चढवताना दोनशे अंशांना वितळत. शिवाय उन्हात त्या ॲल्युमिनियमच्या तिपटीने लांबत आणि खाचेत सैल होत. उत्तर सापडले ते पॉलिॲमाइडमध्ये, म्हणजे आपल्या नायलॉनमध्ये. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरदर्सने जे नायलॉन शोधले, ज्याचे बायकांचे पायमोजे निघालेले पाहायला तो बिचारा जगला नाही, तेच. त्यात चौथा हिस्सा काचेचे बारीक तंतू मिसळले की त्याचे उन्हात लांबणे जवळजवळ ॲल्युमिनियमइतकेच होते, ताकद वाढते, आणि रंगाची भट्टीही ते सोसते. वहनाचा आकडा ०.३. ॲल्युमिनियमच्या सहासातशेव्या हिश्श्याइतका. अशा काचतंतूंच्या नायलॉनच्या नेमक्या मापाच्या पट्ट्या काढणे सोपे नव्हे. दक्षिण जर्मनीत विल्फ्रीड एन्सिंगर यांनी १९६६ साली काढलेल्या उद्योगाने सत्तरीच्या दशकात हे काम हाती घेतले. इतरही होते. पण कोट्यवधी खिडक्यांच्या पोटात दडलेल्या या काळ्या पट्टीला कोणी कोणाचे नाव दिले नाही, आणि जो खिडकी उघडतो त्याला ती दिसतही नाही.

दिसली नाही तरी तिने धंदा वाचवला. मघाच्या हिशेबात साडेसहाच्या जागी साडेतीन घाला; सरासरी सव्वातीनच्या आत येते. पास!

पुढची हकीकत मिलिमीटरांची आहे. पट्टी रुंद करावी तितकी उष्णता अडते, म्हणून ती बोटाच्या पेराएवढी होती ती हळूहळू दोन-तीन पेरांएवढी झाली. मग लक्षात आले, की दोन पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत हवाच फेर धरून उष्णता इकडून तिकडे नेते, आणि धातूची एक भिंत दुसरीकडे प्रारणाने ती फेकते. म्हणून पट्टीला आडवे पंख फुटले, पोकळीत फेस भरला गेला. काचही सुधारत गेली. तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा धातूचा थर आणि दोन काचांमध्ये हवेऐवजी आर्गॉन वायू. १९९१ मध्ये डार्मस्टाट शहरात वोल्फगांग फाइस्ट यांनी जवळजवळ तापवावे न लागणारे घर बांधून दाखवले, आणि खिडकीची मर्यादा ज्या देशात कधीकाळी साडेतीन होती तेथे ०.८ या आकड्याची भाषा सुरू झाली. आज ॲल्युमिनियमची चौकटही, पोटात पुरेसे परके पदार्थ भरून, त्याच्या जवळ जाते. तिच्यात आता ॲल्युमिनियम किती आणि बाकीचे किती, असा प्रश्न विचारता येईल. मी तो चांगल्या अर्थाने विचारतो.

एक अडचण मात्र खास या उपायातूनच जन्मली, आणि ती मला फार मौजेची वाटते. चौकट अखंड होती तोवर आतबाहेर एकाच तापमानाची असे. आता बाहेरची अर्धी उन्हात साठ अंशांना तापते आणि आतली वीस अंशांवर निवांत बसते. दोन मीटर उंचीच्या काळ्या रंगाच्या दाराची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा दोन मिलिमीटरांनी लांब होऊ पाहते. पट्टी त्यांना जखडून ठेवते. मग दार धनुष्यासारखे बाहेरच्या अंगाला वाकते आणि त्याची कडी लागेनाशी होते. दुपारी दार अडते, संध्याकाळी आपोआप सुटते. त्यावर असा उपाय निघाला, की दारांसाठी पट्टीच मधे थोडी सरकू द्यायची, दोन्ही अर्ध्यांना लांबीच्या दिशेने आपापले लांबू द्यायचे. दोघांना बांधून ठेवायचे, पण अगदी करकचून नव्हे. एकत्र कुटुंबे चालवलेल्या माणसांना हे निराळे सांगायला नको.

आपल्याकडे हा प्रश्न उलटा होऊन येतो. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही चाळवजा इमारतीत आज ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत. टू-ट्रॅक, थ्री-ट्रॅक हे शब्द गृहिणींच्या तोंडी आहेत. त्या चौकटी बहुतेक अखंड धातूच्याच, आणि उघड्या खिडकीच्या घरात त्याने फारसे बिघडत नाही. आमचे वैर काचेतून थेट आत येणाऱ्या उन्हाशी. त्याला छज्जा आणि पडदा जितका अडवतो तितका नायलॉनचा तुकडा अडवणार नाही. निवासी इमारतींसाठी २०१८ साली निघालेल्या इको-निवास संहितेनेही भिंती, काच आणि सावली यांचा एकत्र हिशेब मागितला आहे, तो योग्यच आहे. पण वातानुकूलित खोली झाली की चित्र बदलते. आषाढात मुंबईच्या हवेतले दव पंचवीस अंशांच्या पृष्ठभागावर धरते. खोली बावीस अंशांवर ठेवली तर चौकटीला बाहेरून घाम फुटतो, आणि ती ओल भिंतीत मुरते. माझ्या स्वतःच्या खोलीत हे घडले तेव्हा गवंड्याने दोष गच्चीच्या गळतीला दिला. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

मला या सगळ्यात सलणारी गोष्ट वेगळीच आहे. एक किलो ॲल्युमिनियम खनिजातून काढायला तेराचौदा युनिट वीज लागते. इतकी ऊर्जा पिऊन जन्मलेला धातू ऊर्जा गळू देण्यात सर्वांत पुढे असावा, आणि त्याला आवरायला त्याचेच दोन तुकडे करावे लागावेत! त्याची जमेची बाजूही सांगितली पाहिजे. जुना ॲल्युमिनियम वितळवून नवा करायला त्या विजेच्या विसाव्या हिश्श्याइतकी ऊर्जा पुरते. पण त्यासाठी वितळवण्यापूर्वी पोटातली नायलॉनची पट्टी वेगळी काढावी लागते, आणि जी पट्टी सुटूच नये म्हणून इतका खटाटोप केला तिला सोडवायला पुन्हा यंत्रे.

कासेलच्या वादाचे पुढे असे झाले. मी हिशेबाचा कागद जावईबापूंना जर्मनमध्ये नीट लिहून काढायला लावला. आर्द्रता मोजायचे एक छोटे यंत्र आणून पंधरा दिवसांच्या नोंदी केल्या. आकडा बहुधा चाळीस ते पंचेचाळीस टक्क्यांत राही, डाळीच्या दिवशीसुद्धा. चिठ्ठी पोचल्यावर महिनाभर काही उत्तर नाही. मग रंगाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असा कागद आला. भाचीला पूर्ण न्याय हवा होता. जावईबापूंनी निम्म्यावर सही केली. पाळणा तेवढा भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध आणला, आणि खोकला त्या वसंतात थांबला. तीन वर्षांनी त्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या बदलल्या.

बदलताना कामगारांनी टाकून दिलेले दोन तुकडे जावईबापूंनी माझ्यासाठी मागून ठेवले, एक जुन्या चौकटीचा, एक नव्या. दोन्ही माझ्या टेबलावर आहेत. नात आता मोठी झाली आहे. गेल्या खेपेला ती इकडे आली तेव्हा तिला इंगेनहाउझची गोष्ट सांगितली आणि दोन्ही तुकड्यांची एकेक कड कढत पाण्याच्या परातीत उभी केली. वरच्या कडेवर तिने बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. जुन्या तुकड्यावरचे बोट तिने वीसच्या आत उचलले. नव्यावरचे ती बराच वेळ ठेवून बसली होती. मग आतून जेवायला हाक आली.